तीनवर चाललेली गाडी

शालन आक्कांचं नाव आधी लिहून टाकतो. म्हणजे पुढं माझंच पुराण लांबलं तरी वाचणाऱ्याच्या ध्यानात राहील, की त्या सगळ्या गोंधळात पुढं येऊन उभं राहिलेलं माणूस एकच होतं. दुसरं नाव दिनकर मिस्त्रींचं. गाडी दुरुस्त त्यांनी केली. पण ती त्यांच्या दारापर्यंत नेली आक्कांनी, आणि त्यापायी जे ऐकून घ्यायचं ते पुढं वर्षानुवर्षं आक्कांनीच ऐकून घेतलं. मी नुसता उभा होतो. आजही ते दिवस आठवले की मी मला गाडीच्या मागं, हातात ओलं फडकं घेऊन उभा असलेलाच दिसतो, आणि कानाच्या पाळ्या गरम होतात.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आमच्या गावाहून कोल्हापूर म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. नववीत गणितानं मला शाळेबाहेर काढलं आणि मी तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. तिकडचा तांदूळ इकडं यायचा, इकडचा गूळ तिकडं जायचा, आणि दोन्हींच्या मधे मी पोत्यांवर झोपायचो. त्याच ट्रकांवर मी चालवायला शिकलो. परवाना हातात पडल्यावर मार्केट यार्डातल्या एका अडत्यानं मला राजारामपुरीतल्या एका वकीलसाहेबांकडं लावून दिलं. साहेबांना गारगोटीच्या, कागलच्या कोर्टात जावं लागायचं. वाटेत मागच्या सीटवर बसून त्यांना कागद वाचायचे असायचे, म्हणून ड्रायव्हर हवा होता. बंगल्याच्या कडेला गाडीची शेड, आणि शेडला लागून पाण्याच्या टाकीखाली एक खोली. ती माझी. टाकी भरून वाहायला लागली की भिंतीतून पाण्याचा आवाज यायचा आणि मला आमचं तळं आठवायचं.

साहेबांचा मुलगा शिकायला परदेशात होता. घरात साहेब, वहिनी, लग्नाची झालेली मुलगी मधू आणि साहेबांच्या थोरल्या बहीण शालन आक्का. आक्का लवकरच एकट्या पडल्या होत्या आणि भावाकडं राहायला आल्या होत्या. पण बघणाऱ्याला वाटावं की घर आक्कांचं आणि बाकीचे त्यांच्याकडं राहायला आलेत. पहाटे दूधवाल्याशी त्यांचं भांडण सुरू व्हायचं. त्या आवाजानं गल्ली जागी व्हायची. "पाणी किती आन दूध किती, त्ये तरी सांगून जा की." मग भाकऱ्या थापल्याचा आवाज, तव्यावर ठेचा रगडल्याचा आवाज, आणि त्या खकाण्यानं शेडपर्यंत सगळ्यांना खोकला. चटणी कांडायला डंकावर जायचं असलं की मला गाडी काढायला लावायच्या, आणि परत येताना मिरचीचा डबा मांडीवर घेऊन मला म्हणायच्या, "शिंकू नगंस, गाडी वाकडी जाईल."

मी बोललो की घरात हसू व्हायचं. आमच्याकडं मोठ्यांशी बोलताना शेवटी जी लावतात. होय जी, आलो जी. मधूनं माझं नावच जीजी पाडलं होतं. गल्लीतली पोरं मला "ए नागपूर" म्हणायची. माझं गाव नागपूर नव्हे हे मी सुरुवातीला सांगून बघितलं, मग सोडून दिलं. माझं नाव रूपचंद आहे हे तिथं एकट्या आक्कांनाच माहीत होतं. त्या रूप्या म्हणायच्या.

भाकरी मला जायची नाही. भात खाणाऱ्या मुलखातला मी, दोन घास चावून दमून जायचो, पण बोलायची भीती वाटायची. वाटायचं, खाण्यात खोड काढली तर उद्या म्हणतील जा तुझ्या गावाला. मी सगळ्यालाच भ्यायचो. गाडीला ओरखडा पडेल म्हणून भ्यायचो, साहेबांनी हाक मारली तर भ्यायचो, नाही मारली तरी भ्यायचो. एके दिवशी जेवायला बसलो तर ताटात भाताचा ढीग. आक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "उरलाय. टाकायचा का त्यो?" पुढं रोजच तो उरायला लागला. उरलेला भात गरम कसा, हे मी कधी विचारलं नाही. एवढंच एकदा त्या म्हणाल्या होत्या, "माजीबी शाळा सातवीतच सुटली. घरात मोठी होते न्हवं. तू खा."

गाडी साहेबांची पहिलीच. पांढरी, पेट्रोलची. मी डिझेलच्या ट्रकांवर वाढलेला, त्यामुळं तिचा आवाज मला आवाज वाटायचाच नाही. चालू आहे की बंद, हे बघायला मी बॉनेटवर तळवा ठेवायचो. तिचं काम उद्यमनगरातले दिनकर मिस्त्री बघायचे. जाड मिश्या, खिशात कायम फडकं आणि तोंडात कायम स्वतःची स्तुती. "कोल्लापुरात दोगांनाच निस्त्या आवाजावरनं आजार कळतो," ते सांगायचे, "एक थोरल्या दवाखान्यातला डागदर आन एक मी. आन त्यो डागदर आता रिटायर झालाय." साहेबांना हे आवडायचं नाही. साहेबांना नेमकं उत्तर लागायचं. मिस्त्री एका प्रश्नाला तीन गोष्टी सांगायचे. तरी गाडी नीट चालायची, म्हणून दोघांचं निभत होतं. दसऱ्याच्या आधी मिस्त्रींनी गाडीची सगळी सर्व्हिसिंग केली, नवे प्लग घातले. कारण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मधूची सुपारी फुटायची होती, कागलला, आणि मुलाकडची माणसं मोठी होती.

खंडेनवमीला इकडं प्रत्येकजण आपापलं हत्यार पूजतो. सुताराची करवत, शिंप्याची कात्री, साहेबांची कायद्याची पुस्तकं, आक्कांची विळी. आणि माझी गाडी. ट्रकवर असताना आम्ही खंडेनवमीला इंजिनसुद्धा धुवायचो. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून जोराचा फवारा मारायचा, वर्षाची काजळी खाली वाहून जायची आणि लोखंड नव्यासारखं दिसायचं. मालक खूश व्हायचा. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्याला पाण्यानं फरक पडत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं, की ज्यांनी मला जेवू घातलं त्यांची गाडी गल्लीत उठून दिसली पाहिजे. मी सकाळीच बॉनेट उघडलं आणि तिला आतून बाहेरून धुतली. सगळ्यांसमोर धुतली. साहेब पायरीवर पेपर वाचत बसले होते. ते वहिनींना म्हणाले, "बघ, याला म्हणतात ड्रायव्हर. नाहीतर तो आधीचा." वहिनींनी ताट आणलं, मधूनं इंजिनावर झेंडू ठेवले, हळदकुंकू वाहिलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं. आक्का आत पोळ्या लाटत होत्या. त्या बाहेरसुद्धा आल्या नव्हत्या. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पूजेला बसलेलं हत्यार त्या दिवशी वापरायचं नसतं. दसऱ्याला चौकात गर्दी म्हणून सगळे सोनं लुटायला चालतच गेले. म्हणजे गाडी धुतल्यावर पहिल्यांदा सुरू झाली ती थेट सुपारीच्या सकाळी. सुरू झाली, पण थरथरत. थंडीतून उठलेल्या म्हाताऱ्यासारखी. साहेब म्हणाले, "गरम झाली की होईल." रस्त्याला लागल्यावर ती झटके द्यायला लागली. चढावर तर तिनं जीवच सोडला. मी पाय दाबतोय आणि ती पुढं जायच्या ऐवजी मान हलवतेय. मागून दुधाच्या कॅन लावलेला एक मोपेडवाला आला, आम्हाला ओलांडून पुढं गेला, आणि पुढं जाऊन वळून बघितलं. मागच्या सीटवर सगळे नारळ, साड्या, पेढे सावरत बसलेले. आरशात साहेबांचे डोळे माझ्यावर. मला वाटत होतं, गाडीनं झटके द्यावेत पण आवाज करू नये. आणि नेमकं मुलाच्या दारात, सगळी मंडळी सामोरी आलेली असताना, मागच्या नळीतून फाटकन बार निघाला. बायका दचकल्या. मुलाचे मामा मोठ्यानं म्हणाले, "वकीलसाहेब, तोफंची सलामी कशाला? आमी घरचीच की." सगळा मांडव हसला. साहेबही हसले. पण त्यांचं हसणं मला ओळखू येत होतं. कोर्टात हरल्यावर ते तसं हसायचे.

सुपारी फुटली, पेढे वाटले, सगळं चांगलं झालं. परत येताना गाडी तशीच खोकत आली. साहेबांनी घराकडं वळू दिलं नाही. म्हणाले, "आधी दिनकरकडं घे." भरल्या गॅरेजात, गिऱ्हाइकांसमोर, कारागिरांसमोर, साहेबांनी मिस्त्रींना विचारलं, "नवे प्लग घातलेस म्हणालास. घातलेस का? हो की नाही, एवढंच सांग."

मिस्त्री म्हणाले, "साहेब, गाडी जरा बघू तर द्या. काय झालं, कसं झालं..."

"हो की नाही?"

"घातल्यात की."

"खोटं. जुने पुसून घातलेस. तू चोर आहेस."

मिस्त्रींनी फडक्यानं हात पुसले. सावकाश, एकेक बोट. मग म्हणाले, "किल्ली घ्या. ही गाडी परत माज्या दारात नगं." आणि पाठ फिरवून दुसऱ्या गाडीखाली शिरले. एवढा बोलणारा माणूस, पण त्या दिवशी तेवढंच बोलला.

त्या रात्री साहेबांनी ठरवलं की दिनकरवर ग्राहक न्यायालयात जायचं. प्लग हाच पुरावा. म्हणून सकाळी इंजिन थंड असताना त्यांनी चारी प्लगच्या रबरी टोप्यांवर खळ लावून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि प्रत्येक पट्टीवर सही केली. कोर्टाचं सील असतं तसं. आता ह्या गोष्टीवर मी हसतो. तेव्हा मी डब्यातली खळ धरून उभा होतो आणि मला त्यात काहीच चूक दिसत नव्हती. एवढा शिकलेला माणूस करतोय म्हणजे बरोबरच असणार.

पुढचे दिवस आम्ही गॅरेजं फिरत होतो. एका काचेच्या केबिनवाल्यानं सांगितलं, पेट्रोलात भेसळ आहे. टाकी उपसली. गाडी तशीच. आणखी एकानं कार्बोरेटर खोलून धुतला. एक दिवस बरी चालली, आम्हाला वाटलं गेला आजार, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. ती गरम झाली की जरा सुधारायची, उभी राहिली की बिघडायची, त्यामुळं प्रत्येकाला आपणच बरी केली असं वाटायचं. सगळीकडं साहेबांचं एकच. प्लगला हात लावायचा नाही, ते पुराव्यात आहेत. आणि प्रश्न असे विचारायचे, की समोरच्याला हो किंवा नाही म्हटल्याशिवाय सुटका नसायची. एकानं मला विचारायला तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, "त्याला काय विचारता? तो ड्रायव्हर आहे." शेवटच्या गॅरेजवाल्यानं डोकं खाजवत सांगितलं, हेड उतरवावं लागेल, इंजिन आतून गेलंय. साहेबांनी विचारलं, "रेस करून करून जातं का असं? हो की नाही?" तो म्हणाला, "जातं की."

झालं. साहेब घरी येऊन वहिनींना म्हणाले, "ट्रकवरचं पोरगं ते. रेटून रेटून इंजिन खाल्लं यानं. दिवाळीला घरी जाऊ दे त्याला. परत यायचं कारण नाही." मी शेडमधे होतो. स्वयंपाकघराची खिडकी शेडकडं उघडते. मी गाडीला टेकून खाली बसलो. गावाला माझी आई शेजारच्यांना सांगत असायची, माझा रूपचंद वकिलाच्या गाडीवर आहे. आता परत जाऊन तिला काय सांगायचं, इंजिन खाल्लं म्हणून सांगायचं? आणि खाल्लं असेलही, असं मलाच वाटायला लागलं होतं. मोठी माणसं म्हणतात म्हणजे असेल.

आजकाल माझ्या स्वतःच्या गाड्या आहेत, भाड्यानं जातात. मिसिंग मारायला लागली की पोरं यंत्र जोडतात आणि कुठला सिलिंडर मेलाय ते पडद्यावर उमटतं. तरी मी नव्या मिस्त्रीकडं गेलो की एक गोष्ट बघतो. तो आधी बॉनेटला हात घालतो की आधी विचारतो. बिघडायच्या आधी हिचं काय केलंत, हे जो विचारत नाही त्याच्याकडं मी गाडी सोडत नाही. ही अक्कल मला कुठून आली ते आता सांगतो.

साहेब पुण्याला कामासाठी बसनं गेले. ते गेल्यावर आक्का शेडमधे आल्या. पदर खोचलेला, पायात चपला. म्हणाल्या, "गाडी काढ. दिनकरकडं जायाचं हाय."

मी म्हणालो, "साहेब रागावतील जी."

"रागावू दे की. त्येला मी न्हाऊ घातलंय. चल."

झटके खात आम्ही उद्यमनगरात पोचलो. मिस्त्रींनी गाडी बघितली आणि लांबूनच हात केला, "पलीकडं लावा. दारात नगं." मी रस्त्याच्या पलीकडं लावली. आक्का उतरल्या आणि सरळ गॅरेजात गेल्या. मी मागं.

"मिस्त्री, माज्या भावानं तुमाला चारचौघांत चोर म्हटलं. चारचौघांतच माफी मागते मी."

मिस्त्री ओशाळले. "आक्का, तुमी कशाला? तुमी काय म्हनलाय मला? बसा. ए, आक्कांस्नी खुर्ची द्या. च्या सांगा."

"बसते. च्या नगं."

"आवो, दारात आलाय."

"गाडी बघा, मग घेते."

"त्या गाडीला मी हात लावनार न्हाय. च्या घ्या."

"मग च्याबी न्हाय."

आक्का खुर्चीवरही बसल्या नाहीत. जुना टायर पडला होता त्याच्यावर बसल्या. चहा आला. त्यांच्यासमोर ठेवला. त्याच्यावर साय धरली. येणारी गिऱ्हाइकं बघायची, एक वयस्क बाई टायरवर बसलीय आणि पुढ्यात न प्यालेला चहा. दारात आलेलं माणूस चहा न घेता बसलंय, ही गोष्ट इकडं कुणाला सहन होत नाही. एक दुकानदार म्हणून गेला, "काय मिस्त्री, पावण्यांस्नी कडू च्या दिला का काय?" मिस्त्री दोनदा आले, दोनदा गेले. शेवटी पान्हा आपटून म्हणाले, "लई हट्टी हाय ह्ये खानदान," आणि रस्ता ओलांडून गाडीपाशी गेले. जाता जाता मला म्हणाले, "चालू कर."

चालू केली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "तीनवर चाललीया," म्हणाले, "चारातला एक निस्ता बसून हाय." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "आजारी पडायच्या आदी हिचं काय केलंतं? कुनी काय लावलं, काय काढलं, सगळं सांग."

इतक्या दिवसांत मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "धुतलो जी. खंडेनवमीले."

"धुतलास म्हंजे? कुटं कुटं?"

"सगळीकडे जी. इंजिन बी."

त्यांचा कारागीर फिस्सकन हसला. मिस्त्री हसले नाहीत. बॉनेट उघडलं आणि थांबले. पट्ट्या. सह्या. ते दोन पावलं मागं सरले. "आक्का, हे काय हाय?"

"माज्या भावाचं सील हाय."

"मग मी न्हाय हात लावत. वकिलाची सही. ही फाडली तर उद्या म्हनल पुरावा खाल्ला. केस माज्यावरच."

आक्कांनी चष्मा सारखा केला, वाकून पट्ट्या बघितल्या. धाकट्या भावाची सही त्यांना वाचता यायची. मग त्यांनी एकेक पट्टी नखानं उचकटली, चारही काढल्या, त्यांची गोळी केली आणि कमरेला खोचली. म्हणाल्या, "हं. आता कुनाची सही हाय?"

मिस्त्रींनी रबरी मुठीची पक्कड घेतली आणि चालू इंजिनावर एकेक टोपी उचलून परत बसवायला लागले. "दुसरा मेलाय बगा," आधीच सांगून टाकलं. पहिली टोपी उचलली, इंजिन लंगडलं. दुसरी उचलली, तरी लंगडलं. कारागीर म्हणाला, "मिस्त्री, दुसरा तर जित्ता हाय." मिस्त्री म्हणाले, "गप. कानबी माज्याच वयाचा हाय." तिसरी उचलली. काही फरक नाही. उचलली काय, ठेवली काय, इंजिनाला पत्ताच नाही. गाडी बंद केली. टोपी पूर्ण बाहेर ओढली तर चिपचिप आवाज आला.

त्या इंजिनात प्लग डोक्यावर खोल भोकांत बसवलेले असतात, विहिरीच्या तळाला बसवल्यासारखे. तिसरी विहीर भरलेली होती. टोपीनं वरून बूच मारल्यामुळं पाणी आत कोंडून राहिलं होतं आणि ठिणगी त्या पाण्यातच विझत होती. मिस्त्रींनी चिंधी बुडवून बाहेर काढली. चिंधी केशरी झाली होती. हळद, कुंकू, आणि टोकाला झेंडूची एक कुजलेली पाकळी.

"ए, या रं सगळी," मिस्त्रींनी हाक मारली. "तीर्थ घ्या." सगळं गॅरेज गोळा झालं. चिंधी ह्या हातातून त्या हातात. कुणी म्हणालं प्रसाद कुठाय, कुणी म्हणालं उटणंबी लावलंतं का. शेजारच्या गॅरेजातली माणसं आली. तोफ उडाली तेव्हा शरम होती, पण तेव्हा मला माहीत नव्हतं की ती माझ्यामुळं उडाली. आता माहीत झालं. मधूच्या सासरी झालेलं हसं, मिस्त्रींना चोर म्हणणं, सगळी फिरफिर, सगळं माझ्या अंगठ्याखालच्या त्या फवाऱ्यातून निघालं होतं. मी फडकं तोंडाशी धरलं आणि रडायला लागलो. एवढा मोठा घोडा, सगळ्यांसमोर.

हसणं थांबलं. मिस्त्री पुढं आले. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "ल्येका, ट्रकवरचा व्हय तू? डिजेलला चालतंय त्ये. हिला न्हाय चालत. शिकलास न्हवं? झालं." त्यांनी हवा मारून चारही विहिरी कोरड्या केल्या, गंजलेला प्लग आणि टोपी बदलली. गाडी सुरू केली. मी सवयीनं बॉनेटवर तळवा ठेवला. आवाजच नव्हता.

आक्का म्हणाल्या, "च्या गरम करून आना आता."

साहेब पुण्याहून आले ते आधी शेडमधेच गेले. बॉनेट उघडलं, आणि आम्हाला सगळ्यांना पडवीत बोलावलं. "सील कुणी तोडलं?"

"मी," आक्का म्हणाल्या.

"का?"

"आत पानी हाय का बघायला. हुतं. आता गाडी बरी हाय."

"पाणी कसं गेलं आत?"

मी तोंड उघडलं. "साहेब, मी..."

"तू गप," आक्का म्हणाल्या. "मोठ्यांच्यात बोलायचं न्हाय." मग भावाकडं वळून, "मी सांगितलंतं ह्येला इंजिन धुवायला. खंडेनवमी हाय, आतनंबी धू म्हनलं."

"नाही जी," मी म्हणालो, "आक्का तर आत होत्या, पोळ्या..."

साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुला विचारलेलं नाही." आणि आक्कांना, "तू सांगितलंस? हो की नाही?"

"व्हय."

साहेब पायरीवर बसलेले होते त्या सकाळी. त्यांच्या डोळ्यांदेखत मी धुतली होती, त्यांनीच शाबासकी दिली होती. ते त्यांना आठवत होतं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनी एकदा शेडकडं बघितलं, एकदा आक्कांकडं. मग हसायला लागले, आणि ह्या वेळी खरंच हसले. "आक्का, अगं इंजिनाला अंघोळ?" वहिनी हसल्या, मधू हसली. कुणाची तरी चूक ठरली, ती आपलीच म्हातारी निघाली, आणि घर हलकं झालं. दिवाळीला मी गावाला गेलो आणि परत आलो. परत यायचं नाही, हे पुन्हा कुणी बोललं नाही. मिस्त्रींकडं साहेब कधी गेले नाहीत. गाडी मात्र तिकडंच जायला लागली, आणि मी परत आल्यावर दिवाळीचा फराळ आक्कांनी माझ्या हातून तिकडं पाठवला.

पण ती गोष्ट घरात राहिली. जेवताना, पाहुणे आले की, पुन्हा पुन्हा. आक्काला गाडीजवळ सोडू नका, न्हाऊ घालील. सगळ्या घराची अक्कल ज्यांच्याकडं होती, डंकवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत ज्यांना कुणी फसवू शकलं नव्हतं, त्या आक्का ह्या एका गोष्टीत बावळट ठरल्या. मधूच्या लग्नात मी पंक्तीत पाणी वाढत होतो. मुलाचे तेच मामा आक्कांना मोठ्यानं म्हणाले, "आक्का, वरातीची गाडी आमी बाहीरच लावलीया बरं का. न्हानीघर लांब हाय." पंगत हसली. आक्काही पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या हातातलं भांडं पाहुण्यांच्या पानात सांडलं. मी "मामा, ते मी केलं होतं जी" असं म्हणालो सुद्धा. आवाज निघाला नसेल. किंवा निघाला असेल आणि कुणाला तो ऐकायचा नसेल, कारण ड्रायव्हरनं गाडी बिघडवली ह्यात हसण्यासारखं काही नसतं. पुढं निघायच्या वेळी आक्का माझ्याजवळून गेल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "तुजं काय जातंय? मला कोन घरातनं काढनार हाय?"

साहेब आता नाहीत. आक्का आहेत. ऐकू कमी येतं, हात कापतो. महिन्या-दोन महिन्यांनी मी त्यांना नृसिंहवाडीला नेऊन आणतो, पण ते काही फेडणं नव्हे, मलाच बरं वाटतं म्हणून नेतो. घरात आता साहेबांचा मुलगा-सून असतात, परदेशातून परत आलेले. माणसं वाईट नाहीत. पण वस्तू भारी आहेत, आणि आक्कांचा हात कापतो. कधीतरी काहीतरी पडेल, फुटेल. कुणीतरी दारात येऊन विचारील, हे कुणी केलं. त्या वेळी मी त्या घरात असेन, आणि आक्कांनी तोंड उघडायच्या आत पुढं होऊन सांगेन, मी केलं. ह्या वेळी मोठ्यानं सांगेन. एवढं माझ्याकडून राहिलंय, आणि ते मी फेडणार आहे.